पाण्याच्या स्टेटसखाली जाहिरात नाही

आपण पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक राहिली आणि समोरच्याचा फोटो दिसेनासा झाला, की त्यानं आपल्याला ब्लॉक केलं असं धरून चालायचं. हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. त्या दिवशी मी हौसेनं एकेक नाव बघत बसले, तर माझी सख्खी नणंद, एक जाऊ, टॉवेलच्या कारखान्यातली जुनी मुकादमीण आणि गॅसवाला असे सगळे एका टिकेवर उभे होते. गॅसवाल्याचं सगळ्यात वाईट वाटलं, कारण सिलिंडर तर लागणारच होता.

मी सुमन. सोलापुरातल्या एका कारखान्यात अठरा वर्षं टॉवेलच्या घड्या घातल्या. टाळेबंदीनंतर ते काम तुटत तुटत गेलं आणि एका मैत्रिणीनं मला ‘नेटवर्क’मध्ये आणलं. या अंकवाल्यांनी ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा आमचे मिस्टर हसले. म्हणाले, “लिही. पण लोक पानसुद्धा ब्लॉक करतील की.”

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंपनी साबण, भांड्याचं जेल, फरशीचं लिक्विड, प्रोटीन पावडर असलं काहीबाही बनवते. दुकानात ठेवत नाही, आमच्यासारख्यांकडून विकते. माल विकला की त्यातले थोडे पैसे आपल्याला मिळतात. आपण आणखी कुणाला या धंद्यात जोडलं आणि तिनं विकलं, की तिच्या विक्रीतलाही थोडा वाटा आपल्याकडं येतो. आपल्याला जोडणारा तो वरचा, आपण जोडलेले ते खालचे. माल विकत राहिलात तर दुकान आहे. नुसती माणसंच जोडत सुटलात तर ज्याचा त्याचा कधी ना कधी कपाळमोक्ष होतो. मी जोडलेल्या बायकांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या टिकून आहेत. बाकीच्यांच्या घरी प्रोटीन पावडरचे डबे चहासाखर ठेवायला कामाला आले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

माझे वरचे म्हणजे एक सर होते. सूट घालायचे, सोलापूरच्या उन्हातसुद्धा. एका मोठ्या गाडीला टेकून काढलेला त्यांचा फोटो आम्हा सगळ्यांकडं होता. ती गाडी मीटिंगच्या हॉटेलबाहेर उभी असायची आणि हॉटेलमालकाची होती, हे मला फार पुढं कळलं. सरांचं शिकवणं एकच. रोज सकाळी सात वाजता ते एक तयार मेसेज पाठवायचे, वर फूल, खाली सुविचार, त्याखाली आमचा माल आणि शेवटी आमचा नंबर. तो आपण असू तेवढ्या सगळ्या ग्रुपांत टाकायचा. “वाचायचा न वाचायचा त्यांचा प्रश्न,” सर म्हणायचे. “आपण पेरत राहायचं.”

मी पेरत राहिले. नात्यातले ग्रुप, शाळेचे, भिशीचे, कारखान्यातल्या बायकांचे, मुलीच्या ट्युशनच्या पालकांचे. आणि आमच्या वस्तीचा.

या वस्तीबद्दल सांगायला हवं. मी तिथंच वाढले. लग्न होऊनही लांब गेले नाही, नाल्यापलीकडं नवीन प्लॉटिंग झालं तिथं घर बांधलं, एवढंच. वस्तीच्या ग्रुपवर विहारातले कार्यक्रम, कुणाचा रिझल्ट, कुणाचं बाळंतपण, सगळं यायचं. पण त्याचं खरं काम एकच, कुणी गेलं तर कळवायचं. पूर्वी एक पोऱ्या घरोघर फिरून सांगायचा, ते आता ग्रुपवर येतं. आमच्यात मयतीला जायला आमंत्रण लागत नाही, पण कळायला तर पाहिजे.

एका सकाळी सातला मी सवयीनं मेसेज ढकलला. सगळ्या ग्रुपांवर टिचकी मारायची आणि पाठवायचं, वर काय आलंय ते बघायचं नाही, अशी माझी हातोटी झाली होती. वर पहाटेच निरोप आलेला होता. वस्तीतला एक तरुण मुलगा, बत्तीस वर्षांचा, आजारपणात गेला होता. हात जोडलेला त्याचा फोटो होता. आणि त्याच्या बरोबर खाली माझं कमळाचं फूल, आणि त्याखाली ‘शरीर आतून स्वच्छ ठेवा, आयुष्य वाढवा’.

आठ वाजता मी फोन उघडला तेव्हा मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

काढणाऱ्या कमलताई. शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी मला फोन केला नाही, शिव्या घातल्या नाहीत. दुसऱ्याही कुणी काही बोललं नाही. मी त्या घरी गेले, मुलाच्या आईपुढं बसले, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. माफी मागायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घरी येऊन सरांना सांगितलं, तर म्हणाले, “मॅडम, एक ग्रुप गेला तर दहा नवीन जोडा.” पहिल्यांदाच माणसाला जोड्यानं मारावं असं वाटलं.

तरी मी धंदा सोडला नाही. मला हट्टी म्हणतात ते खोटं नाही. कारखान्याचं काम गेलेलं, मुलीचं कॉलेज पुढं उभं, आणि माल वाईट नव्हता हे मला वापरून माहीत होतं. वाईट होती ती पेरणी. मग मी ठरवलं, कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं नाही. ज्याला बघायचं असेल तो माझ्या दारात येऊन बघेल. फोनवर असं दार एकच असतं, आपलं स्वतःचं स्टेटस. ते कुणाच्या अंगावर जात नाही. ज्याला वाटेल तो उघडतो, नाही वाटलं तर पुढं जातो. मी सगळ्या ग्रुपांतून जाहिरात बंद केली.

पण माझं स्टेटस बघणार कोण? पहिल्या आठवड्यात पाच जण. त्यातले दोन आमच्या घरातले.

तोड निघाली ती पाण्यामुळं. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी येतं, आणि वेळेचा भरवसा नाही. पालिकेचा चावीवाला येऊन पाइपाची चावी फिरवेल तेव्हा. आमची गल्ली टाकीकडच्या बाजूला, चढावर. त्यामुळं पाणी आधी आमच्या नळाला येतं आणि अर्ध्यापाऊण तासानं खाली वस्तीत पोचतं. तेवढ्या वेळात वस्तीतल्या बाईला कळलं तर ती पिंप धुऊन ठेवते, कामावरून कुणाला तरी बोलावून घेते. एकदा मी सहज नळाचा फोटो टाकला, ‘पाणी आलं, सहा दहा’. संध्याकाळी बघते तर चाळीस जणांनी बघितलेलं.

तेव्हापासून नेम झाला. पाणी आलं की वेळ, गेलं की वेळ, गढूळ असेल तर ‘पहिल्या दोन बादल्या सोडून द्या’. हळूहळू लोकांनी माझा नंबर मुद्दाम सेव्ह केला. नंबर सेव्ह नसेल किंवा ब्लॉक असेल तर स्टेटस दिसत नाही, म्हणून ज्यांनी ब्लॉक केलं होतं त्यांनीही ते काढलं. गॅसवाला आला. नणंदही आली, पण ती बोलली नाही, नुसती बघून गेली.

मालाचं काय, तर तेही त्याच दारात, पण वेगळ्या दिवशी. तयार फोटो बंद. मी स्वतः महिनाभर वापरेन तेच टाकायचं आणि खोट असेल ती आधी सांगायची. भांड्याच्या जेलचा फेस इतका, की खळबळून धुवायला दुप्पट पाणी लागतं. आमच्या गावात याला फार मोठी खोट म्हणतात. मी फोटोखाली लिहिलं, ‘तेलकट कढई छान निघते, पण पाणी लई खातं. पाणी आल्याच्या दिवशीच वापरा.’ सरांचा लगेच फोन. “मॅडम, तुम्ही आपल्याच मालाची बदनामी करताय.” त्या महिन्यात जेलच्या बाटल्या कधी नव्हत्या तेवढ्या गेल्या. बायका म्हणायच्या, “हिचं हे खरं आहे म्हणजे बाकीचंबी असेल.”

माझी एक गिऱ्हाईक होती लक्ष्मीबाई. तेलुगू बोलणारं विणकरांचं घर, पण ती स्वतः विड्या वळायची. तिला पाहिजे होता हात धुवायचा साबण, असा की तंबाखूचा वास जावा. “नातीला घास भरवायला गेले की पोरगी तोंड फिरवती,” ती म्हणाली. मी कंपनीची बाटली नेली. चार दिवस तिनं रोज धुतले, रोज माझ्यापुढं हात धरला. वास गेला नाही. तिची परवानगी घेऊन मी हातांचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘तंबाखूचा वास या साबणानं जात नाही. लिंबू चोळा, निम्मा जातो.’ लक्ष्मीबाईनं बाटली परत दिली आणि फरशीचं लिक्विड मागितलं. तिच्या गल्लीतल्या सहा घरांत आजही तेच जातं. टेलरिंग करणाऱ्या सय्यदभाभीनं एकदा कारण सांगून टाकलं. “तुम पीछे नै पड़ते सुमनबाई, इस वास्ते लेती मैं.”

मागं लागायचं नाही, हे मात्र फार अवघड असतं. कुणी एकदा ‘नको’ म्हटलं की मी वहीत तिचं नाव लिहायची आणि पुन्हा तिच्याशी मालाचं बोलायची नाही, ती स्वतः विचारेपर्यंत. त्या वहीची पानं भरत गेली. महिना संपत आलेला असतो, कंपनीनं ठरवलेले विक्रीचे पॉइंट भरलेले नसतात, आणि समोर फोनमध्ये तीन-चारशे नावं लुकलुकत असतात. बोट शिवशिवतं. अशाच एका महिन्यात सरांचा फोन आला. कंपनीतली माझी लेव्हल घसरायला आली होती.

“तुमचं ते पाण्याचं स्टेटस किती लोक बघतात?”

“तीनशेच्या वर.”

“मग त्याखाली एक फोटो टाका की. फक्त एक. उद्या पाणी येईल तेव्हा.”

मी म्हटलं, “सर, तिथं पाणीच राहील.”

“लेव्हल जाईल.”

“जाऊ दे.”

लेव्हल गेली. स्टेजवर बोलावून गळ्यात घातलेला पट्टा पुढच्या मीटिंगला दुसरीच्या गळ्यात गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही हेही खरंच. पण पाण्याच्या स्टेटसखाली जाहिरात नाही, हे मी स्वतःला सांगितलं होतं आणि ते मोडायचं नव्हतं.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते. मला ग्रुपमधून काढलं त्यानंतर दोन महिन्यांनी गंगूमावशी गेली. मावशी सख्खी नव्हती, वस्तीतली शेजारीण. पण माझी आई लवकर गेल्यावर माझी वेणी तिनं घातली, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना तिनं मला अंघोळ घातली. ती सकाळी गेली, दुपारी चारला नेलं. मी दिवसभर बार्शीला कंपनीच्या ट्रेनिंगला होते, लोकांपर्यंत कसं पोचावं ते शिकत. ग्रुपवर निरोप आला होता. मी ग्रुपवर नव्हते. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं.

तशीच धावत गेले. मावशीच्या सुनेनं, शोभानं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. चार बायका बसल्या होत्या, त्यांनी बोलणं थांबवलं. मला म्हणायचं होतं की मला कळलंच नाही. पण तसं म्हणणं म्हणजे मला का काढलंत असा ठपका ठेवणं झालं असतं, आणि काढण्यासारखं तर मीच वागले होते. मी गप्प बसले. उठताना कुणी ‘बस गं’ म्हटलं नाही. त्या जाहिरातीची शिक्षा अजून चालू आहे, असं मी समजले आणि निघून आले.

पुढं दोन वर्षं गेली. एकदा मला ताप आला आणि पाण्याचं स्टेटस चुकलं. दुपारी कमलताईंचा फोन. मला ग्रुपमधून काढल्यानंतरचा पहिला.

“सुमन, आज पाणी आलं का न्हाई? तुजं काय दिसंना.”

“ताई, ताप हाय. पाणी मगाशीच येऊन गेलं असंल.”

“मरू दे पाणी. औषध घेतलंस का?” आणि मग, “तुला ग्रुपात घेते. पाण्याचं तितंच टाकत जा.”

सहा महिन्यांत त्यांनी मला ॲडमिनही केलं. त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदू, ग्रुपवर जाहिराती टाकणारे वाढलेले. “जाहिरात दिसली की काढायची, माणूसबी काढायचा. नेम सगळ्यांना सारखा,” त्यांनी बजावलं. जाहिराती काढायचं काम माझ्याकडं यावं, याचं मिस्टरांना आठवडाभर हसू येत होतं.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ग्रुपवर निरोप आला, वस्तीतल्या एका बाळंतिणीला तातडीनं रक्त पाहिजे. खाली दवाखाना, रक्ताचा गट, नंबर. दहा मिनिटांत त्याच्याखाली चार फोटो येऊन पडले. वजन कमी करायची पावडर. तो निरोप वर सरकून दिसेनासा झाला. टाकणारी होती पुष्पा, मी जोडलेली, माझ्या खालची, टिकलेल्या मोजक्यांतली सगळ्यात कामसू पोरगी.

मी चारही फोटो काढले. रक्ताचा निरोप पुन्हा टाकला. मग पुष्पाला फोन केला. ती रडायलाच लागली. “काकू, सरांनी सगळ्यांला टाका म्हणलं हुतं. मी वर बगितलंच न्हाई वो.” तिला आणखी काय बोलणार? हे वाक्य माझंच होतं.

तेवढ्यात कमलताईंचा फोन. “काढलंस का तिला?”

“मेसेज काढलाय.”

“आनि तिला?”

“मी येते तितं,” म्हटलं आणि उतार उतरून वस्तीत गेले.

त्या ओट्यावर बसल्या होत्या, फोन हातात. मला बघून म्हणाल्या, “हे बग सुमन. ती तुजी माणूस. तिला ठेवलीस तर लोक म्हणतील, सोताच्या कमाईसाठी ठेवली. तुला काडताना मी तुजी गय केली न्हवती.”

“म्हणूनच सांगते ताई. तिला काढू नका. पाहिजे तर मला ॲडमिनवरनं काढा. तिची आई आजारी असती, माहेर हितंच, सोता ऱ्हाती लांब. उद्या कुणाचं काय झालं तर तिला कोण सांगणार? गंगूमावशीच्या वक्ताला मला कुणी सांगितलं?”

कमलताईंनी माझ्याकडं बघितलं. “म्हंजे?”

“म्हंजे काय? मला ग्रुपवरनं काढलेलं. मला कळलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं.”

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग हळू म्हणाल्या, “आमी समजलो, तू रुसून आली न्हाईस. ग्रुपातनं काढलं म्हणून मावशीच्या मातीला आली न्हाईस. शोभा अजून म्हनती, एवढी मावशी मावशी करायची आनि खांदा निगाला तरी आली न्हाई.”

तीन वर्षं मी समजत होते की त्या घराच्या लेखी मी जाहिरातीबद्दल दोषी आहे. आणि ती लोकं मला दुसऱ्याच गोष्टीसाठी दोषी धरून बसली होती, जी मी केलेलीच नव्हती. रडू आलं ते आवरलं नाही. कमलताईंनीही आवरायला सांगितलं नाही.

पुष्पाला काढायचा विषय त्यांनीच मिटवला. फोन माझ्या हातात दिला आणि नियम बदलून लिहायला सांगितला, जाहिरात काढली जाईल, माणसाला कुणीतरी घरी जाऊन सांगेल. “घरी जाऊन. फोनवर न्हाई,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं.

मग माझं मन राहीना. मी म्हटलं, “ताई, शोभाला कळवायला पाहिजे. तिचा नंबर द्या, मी आत्ता मेसेज करते. सगळं नीट लिहून पाठवते.”

कमलताईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, ओट्यावर पालथा ठेवला आणि पायानं चप्पल ओढली.

“मेसेज नगं,” त्या म्हणाल्या. “चल.”

शोभाचं घर तिथून चार दारं पुढं आहे. ती दारातच भांडी घासत होती.